चापाच्या जुन्या कानातल्यांना दांडी बसवताना

आपल्याकडे मुलीचे कान लहानपणीच टोचले जातात. त्यामुळे चापाचे किंवा स्क्रूचे कानातले मराठी घरांत फारसे विकत घेतले जात नाहीत, मात्र दुसऱ्या वाटांनी ते येतच राहतात. परदेशात राहिलेल्या आत्याच्या पेटीतून, पुण्याच्या कॅम्प भागातल्या एखाद्या जुन्या घरातले सामान निघाले तेव्हा किंवा बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातल्या पथारीवरून असा एखादा जोड हाती लागतो. त्याची घडण आवडते, कानाला लावूनही पाहिला जातो, पण तासाभरात कानाची पाळी दुखू लागते आणि तो डबीत जाऊन पडतो. असा जोड टोचलेल्या कानात घालता येईल असा करून घेणे अवघड नाही. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी त्याची पद्धत येथे क्रमाने देत आहे.

युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्या काळात कान टोचण्याची पद्धत मागे पडली होती, म्हणून तिथे आधी स्क्रूने आवळायचे आणि 1930 च्या दशकापासून स्प्रिंगच्या चापाने धरून राहणारे कानातले मोठ्या प्रमाणावर तयार झाले. पुण्यातल्या सराफांना आपल्या कामाच्या उलट दिशेचे काम, म्हणजे टोचून घालायच्या दागिन्याला चाप लावणे, चांगले परिचित आहे, कारण नाक टोचलेले नसलेल्यांसाठी चापाची नथ आणि कानाचा वरचा भाग टोचलेला नसलेल्यांसाठी चापाची बुगडी ते नेहमी करून देतात. चाप काढून दांडी लावायची असते तेव्हा मात्र दागिना जुना असतो, त्याचा धातू आणि खडे कसे आहेत हे आपल्याला ठाऊक नसते, आणि झालेली चूक सहसा भरून काढता येत नाही. म्हणून कोणतीही पद्धत निवडताना मी एकच कसोटी लावते: उद्या हा बदल काढून टाकून दागिना पूर्ववत करावासा वाटला तर ते कितपत शक्य आहे? ज्या पद्धतीत ते सर्वाधिक शक्य आहे ती आधी करून पाहावी आणि कानस व आग यांचा विचार शेवटी करावा.

हत्यार हातात घेण्यापूर्वी

भिंग आणि चांगला उजेड घेऊन कानातल्याची पाठ नीट तपासावी. नामांकित कारखान्यांची नावे पाठीवर किंवा चापाच्या दाबणाऱ्या पानावर अगदी बारीक अक्षरांत उमटवलेली असतात. ट्रिफारी, कोरो, मिरियम हॅस्केल ही अमेरिकी नावे जुन्या जोडांवर सापडतात. नावाशेजारी वर्तुळातील इंग्रजी ‘सी’ हे स्वामित्वहक्काचे चिन्ह असेल तर तो जोड बहुधा 1955 नंतरचा असतो, कारण खोट्या दागिन्यांच्या नक्षीलाही असा हक्क मिळतो हे ट्रिफारीने अमेरिकेतील न्यायालयात त्या वर्षी सिद्ध केले आणि त्यानंतर ते चिन्ह सर्रास उमटवले जाऊ लागले. नाव असलेला आणि मूळ चापासह शाबूत असलेला जोड संग्राहकांच्या दृष्टीने मोलाचा असतो. चाप काढला की ते मोल बरेच उतरते. अशा जोडाला हात न लावलेलाच बरा असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही तो वापरायचा ठरले, तर पुढे सांगितलेली चाप कायम ठेवण्याची पद्धतच अवलंबावी. नाव पानावरच असेल तर सुटे झालेले पान फेकून देणे म्हणजे दागिन्याची ओळखच फेकून देणे होय.

त्यानंतर धातू ओळखावा. जिथे मुलामा झिजला आहे तिथे खालून पिवळा रंग दिसत असेल तर बहुधा पितळ असते, आणि फिका करडा रंग दिसत असेल तर कथील, जस्त किंवा शिसे यांच्या मिश्रणातून ओतलेला स्वस्त पांढरा धातू असतो. हा पांढरा धातू ठिसूळ असतो, वाकवला तर मोडतो आणि थोड्या उष्णतेनेही वितळतो. ‘925’ किंवा ‘स्टर्लिंग’ असा ठसा असेल तर ती चांदी असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कथिलासारखे धातू युद्धसाहित्यासाठी राखून ठेवण्यात आले होते, त्यामुळे एरवी स्वस्त धातू वापरणाऱ्या कारखान्यांनीही त्या वर्षांत चांदीचे दागिने केले. म्हणूनच दिसायला साधा असलेला जोडही तपासून पाहण्यासारखा असतो.

तिसरी गोष्ट वजनाची आहे. चापाचे कानातले संपूर्ण पाळीवर दाबून बसतात, त्यामुळे घडवणाऱ्यांनी त्यांत वजनाचा संकोच केलेला नसतो. तेच सगळे वजन दांडीवर आले की ते एका बारीक छिद्रावर येते. साध्या दांडीसाठी एका कानातल्याचे वजन सात-आठ ग्रॅमच्या आत असावे असे मी मानते. भोक आधीच ओघळलेले असेल तर त्याहूनही कमी असावे. सोने तोलण्याचा छोटा काटा घरी नसेल तर ओळखीच्या सराफाकडे वजन करून घ्यावे. नुकतेच टोचलेल्या कानात, म्हणजे भोक पूर्ण भरून येण्यापूर्वी, असे कानातले घालूच नयेत.

लोंबत्या कानातल्यांचे काम सर्वांत सोपे

जोड लोंबता असेल, म्हणजे वर चापाचे छोटे बटण आणि खाली कडीने अडकवलेला लोलक किंवा झुंबर असेल, तर कापाकापी किंवा चिकटवाचिकटवी करावी लागत नाही. दोन चपट्या तोंडाच्या पकडी घेऊन मधली कडी उघडावी. कडीची दोन टोके डावी-उजवीकडे फाकवू नयेत, तर एक टोक पुढे आणि दुसरे मागे असे पिळून उघडावीत, म्हणजे तिचा गोलपणा बिघडत नाही. लोलक सोडवून तो चांदीच्या आकड्यात किंवा खाली कडी असलेल्या छोट्या टॉप्समध्ये अडकवावा आणि कडी त्याच रीतीने बंद करावी. चापाची बटणे जोडीने एका पुडीत, वर दागिन्याचे नाव लिहून, ठेवून द्यावीत. नवशिक्यांनी सुरुवात अशाच जोडापासून करावी.

चाप सोडवून दांडी चिकटवणे

बटणासारख्या सपाट जोडासाठी ही पद्धत सर्वाधिक वापरली जाते. यासाठी ‘बैठकीची दांडी’ लागते, म्हणजे एका टोकाला सपाट गोल चकती असलेली दांडी. रविवार पेठेतील मणी आणि दागिन्यांचे सुटे सामान विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. मात्र तिथे मिळणाऱ्या बहुतेक दांड्या मुलाम्याच्या असतात, म्हणून मी चांदीच्या दांड्या सराफाकडून घेणेच पसंत करते. दांडी साधारण 0.8 मिलिमीटर जाड आणि 10-11 मिलिमीटर लांब असावी. आपल्याकडच्या मळसूत्राच्या कुड्या वर्षानुवर्षे घातलेल्या कानांची भोके रुंद झालेली असतात, त्यांना याहून जाड, आटे पाडलेली दांडी अधिक चांगली बसते. चकती दागिन्याच्या पाठीवर मावेल तितकी मोठी घ्यावी, कारण चिकटण्याची सगळी ताकद तिच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते.

पहिले काम दांडीची जागा ठरवण्याचे आहे, आणि घाई नेमकी येथेच केली जाते. दांडी बरोबर मध्यावर लावली तर कानातल्याचा वरचा भाग पुढे झुकतो आणि कानातले जमिनीकडे पाहू लागते. त्यामुळे ती नेहमी मध्याच्या वर, उंचीच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या आसपास असावी. आधी मेणाच्या छोट्या गोळीने दांडी तात्पुरती लावावी, कानातले हलक्या हाताने कानात घालावे आणि आरशात समोरून व बाजूने पाहावे. वर भोकाची कडा दिसत नसेल आणि दागिना पाळीला समांतर राहत असेल तर ती जागा पेन्सिलीने खुणावी. चापाचे अनेक जोड डाव्या-उजव्या कानासाठी एकमेकांचे प्रतिबिंब असतात, म्हणून दोन्ही कानातले पालथे शेजारी-शेजारी ठेवून खुणा आरशातल्यासारख्या जुळतात ना ते पाहावे. आपले दोन्ही कान मात्र सारखेच टोचलेले असतात असे नाही. फरक स्पष्ट असेल तर खुणा कानांप्रमाणे कराव्यात.

दुसरे काम चापाचे पान सोडवण्याचे आहे. बहुतेक चापांत पाठीला चिकटलेली एक छोटी चौकट असते, तिच्या दोन उभ्या भिंतींना भोके असतात आणि त्यांत पानाचे दोन कान बिजागरीसारखे अडकलेले असतात. पान उघडून एका भिंतीच्या आणि पानाच्या मध्ये बारीक स्क्रूड्रायव्हरचे टोक घालावे आणि भिंत केसभर बाहेर सरेल इतकेच पिळावे, म्हणजे पान निसटते. ते निसटताना उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा आणि काम एखाद्या खोलगट ताटात करावे. भिंत पुढे-मागे सारखी वाकवू नये, कारण जुना धातू दुसऱ्या-तिसऱ्या वाकवण्यालाच तुटतो.

चौकट तशीच राहू द्यावी असा माझा आग्रह आहे. चापाची बिजागरी सहसा खालच्या कडेला असते आणि दांडी वरच्या भागात येते, त्यामुळे चौकट बहुतेक वेळा आड येत नाही. ती शिल्लक राहिली तर पुढे कधीही पान पुन्हा बसवता येते. तिची भिंत पाळीला टोचत असेल तर ती चपट्या पकडीने हळूच आत वळवावी, आणि तेवढ्याने भागले नाही तरच कानस लावावी. स्क्रूच्या जोडांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या पाठीपासून पाळीला वळसा घालणारी एक तार निघते. ही तार सरळ करून तिचीच दांडी करावी असा मोह होतो, पण तो टाळावा. ती तार बहुधा मुलाम्याची असते आणि कानात जाण्यासाठी ती घडवलेलीच नसते. ती बुडाशी कटरने कापून उरलेले टोक कानशीने गुळगुळीत करावे. हा बदल मागे घेता येत नाही, म्हणून नाव असलेल्या स्क्रूच्या जोडावर हा प्रयोग करू नये.

तिसरे काम जागा तयार करण्याचे आहे. खुणेच्या जागी आणि दांडीच्या चकतीवर बारीक पॉलिश पेपर घासून चमक घालवावी, कारण गुळगुळीत मुलाम्यावर चिकटवलेली दांडी मुलाम्याच्या पापुद्र्यासकट निघून येते. नंतर कापसाच्या बोळ्याला थोडे स्पिरिट लावून ती जागा पुसावी आणि तिला पुन्हा बोट लावू नये. हिरवट जंगाल दिसले तर ते आधी टूथपिकने खरवडून काढावे. दागिना पाण्यात बुडवू नये, आणि चिंच, लिंबू किंवा पितांबरी तर मुळीच लावू नये. तांब्या-पितळेच्या भांड्यांना जे चालते ते मुलाम्याला चालत नाही. शिवाय जुन्या काचेच्या खड्यांच्या पाठीला चकाकीसाठी पातळ बेगड लावलेला असतो, पाणी आत शिरले की तो काळा पडतो आणि खडा कायमचा मेल्यासारखा दिसतो.

चौथे काम चिकटवण्याचे. यासाठी दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी, म्हणजे एरल्डाइटसारखा पदार्थ वापरावा आणि तो सावकाश घट्ट होणाऱ्या प्रकारातला असावा. फेविक्विकसारखे झटपट चिकटणारे द्रव येथे टाळावेत, कारण त्यांचा जोड ठिसूळ असतो, फिरकी लावता-काढताना बसणाऱ्या झटक्यांनी तो सुटतो, आणि त्यांची वाफ खड्यांवर व मोत्यांवर पांढरट धुके सोडते. दोन्ही नळ्यांतून सारख्याच प्रमाणात, मुगाच्या दोन दाण्यांएवढे मिश्रण काढून ते काडीने रंग एकसारखा होईपर्यंत घोटावे. चकतीला पातळ थर लावून ती खुणेवर ठेवावी, दांडी सर्व बाजूंनी काटकोनात उभी आहे ना ते डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहावे, आणि मग काडीच्या टोकाने चकतीच्या कडेवर आणि वरच्या पृष्ठावर दांडीच्या बुंध्याभोवती आणखी थोडे मिश्रण फिरवावे. चकती अशी वरून-खालून वेढली गेली की जोड केवळ चिकटून नव्हे तर अडकूनही राहतो. मिश्रण दांडीच्या अंगावर चढू देऊ नये, चढलेच तर लगेच स्पिरिटने पुसावे. पाठ पोकळ असेल तर ती पोकळी आधी त्याच मिश्रणाने भरून, एक दिवस घट्ट होऊ देऊन, मग तिच्यावर दांडी लावावी.

वाटीभर तांदळात कानातले पालथे रोवून ठेवले तर ते हवे तितके समपातळीत बसते आणि नक्षीलाही धक्का लागत नाही. त्याला पूर्ण चोवीस तास हात लावू नये. पुण्याच्या पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा मिश्रणाचा पृष्ठभाग चिकट राहू शकतो. त्या दिवसांत दोन दिवस थांबावे आणि ओलसर खिडकीपासून दूर, कोरड्या खोलीत काम करावे. पूर्ण घट्ट झाल्यावर दांडी पकडीत हलकेच धरून थोडा ताण द्यावा. जोड कच्चा असेल तर तो आताच, हातात असताना सुटावा.

जड जोडासाठी चाप ठेवूनच दांडी

वजनदार जोडाचा चाप काढूच नये. चापाचे पान भरीव नसून मधे मोकळे, वेटोळ्यासारखे असेल, तर पाठीवर अशा जागी दांडी लावता येते की चाप मिटल्यावर ती त्या मोकळ्या जागेतून बरोबर बाहेर येईल. दांडी दागिना जागेवर धरते आणि चाप मागून आधार देऊन त्याला पुढे झुकू देत नाही. नव्या, महाग जोडांतही हीच रचना असते. यात दोन गोष्टी सांभाळाव्यात. दांडी पानाच्या मागे फार बाहेर येऊन मानेला टोचणार नाही इतकी कमी लांबीची ठेवावी आणि तिचे कापलेले टोक गोल घासावे. तसेच चापाचा जोर कमी करावा, कारण मूळ चाप एकट्याने सगळे वजन धरण्यासाठी कडक केलेला असतो. पान किंचित मागे वळवल्याने तो सैल होतो, पण पांढऱ्या ठिसूळ धातूच्या बाबतीत हे काम कारागिराकडूनच करून घ्यावे.

पान भरीव असेल आणि दागिना जड असेल तर आपल्याकडचा जुना उपाय हाताशी आहेच. कुड्यांबरोबर मोत्यांचे वेल कानावरून केसांत अडकवतात, तसाच बारीक वेल दांडीला लावला की पाळीवरचा भार बराच कमी होतो. तो सोबत शोभून दिसेल की नाही हे दागिन्यावर अवलंबून आहे. मोत्यांच्या जोडाला तो हमखास शोभतो. भार फार नसेल तर फिरकीमागे प्लास्टिकची रुंद चकती लावणेही पुरते.

डाख लावून घ्यायचा असेल तर

सर्वांत टिकाऊ सांधा डाखाचा, म्हणजे ज्योतीवर वितळवलेल्या धातूने जोडलेलाच, असतो, पण तो प्रत्येक दागिन्याला मानवत नाही. चांदी सुमारे 962 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून तिच्यावर चांदीचा डाख निर्धास्त लावता येतो. कथील मात्र 232 अंशांना आणि शिसे 327 अंशांना वितळते, त्यामुळे पांढऱ्या धातूच्या दागिन्यावर कारागिराने तीच ज्योत धरली तर हातात केवळ गोळा उरेल. चिकटवलेले खडे, बेगड, खोटे मोती, प्लास्टिक आणि मीना यांनाही ती उष्णता सोसत नाही. बिनखड्याच्या चांदीच्या किंवा पितळेच्या जोडासाठीच डाखाचा विचार करावा. हे काम सोन्या मारुती चौक आणि रविवार पेठ या भागांतील दागिने दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे द्यावे, आणि देताना दागिना जुना व मुलाम्याचा आहे हे आधीच सांगावे. मुलामा डाखाच्या जागी जळतो, त्यामुळे नंतर पुन्हा मुलामा द्यावा लागेल हेही गृहीत धरावे. विजेच्या वस्तू दुरुस्त करण्यासाठी मिळणारी डाखाची तार बहुधा शिसे-कथिलाची असते. कानात जाणाऱ्या दांडीसाठी ती कधीही वापरू नये.

कानात जाणारा धातू

दागिना कितीही जुना आणि कशाचाही असला तरी कानाच्या आत जाणारी दांडी चांगल्याच धातूची हवी. ज्यांना निकेल सोसत नाही त्यांच्या पाळीला स्वस्त मुलाम्याच्या दांडीने खाज सुटते, ती लाल होते आणि चिघळते. ही प्रतिक्रिया एकदा सुरू झाली की सहसा आयुष्यभर राहते. युरोपात टोचलेल्या भागात जाणाऱ्या दांडीतून किती निकेल बाहेर पडू द्यायचे यावर कायद्याने मर्यादा घातली आहे, यावरून या गोष्टीचे गांभीर्य लक्षात यावे. 925 चांदी बहुतेकांना चालते. ज्यांना तीही चालत नाही त्यांनी सोन्याची किंवा टायटॅनियमची दांडी घ्यावी. दागिन्याची पाठ पाळीला टेकते आणि तिच्यातही निकेल असू शकते, म्हणून त्रास होणाऱ्यांनी पाठीवर रंगहीन नेलपॉलिशचे दोन पातळ थर द्यावेत आणि ते झिजले की पुन्हा लावावेत.

पहिल्यांदा घालताना जोड घरीच, तास-दोन तास घालून पाहावा. पाळी खाली ओढली जात असेल किंवा भोक उभट दिसू लागले तर तो जोड तुमच्या कानासाठी जड आहे, आणि त्याला वेल किंवा चाप यांपैकी काहीतरी द्यायलाच हवे. काढताना दागिन्याला धरून ओढू नये, तर एका हाताने दागिना स्थिर धरून दुसऱ्या हाताने फिरकी काढावी, कारण चिकटवलेला जोड सैल होतो तो बहुतेक याच वेळी. अत्तर आणि केसांचा फवारा कानातले घालण्यापूर्वी वापरावेत.

कालांतराने एका बाजूची दांडी सुटली तर सुटलेली बाजू तेवढी चिकटवून थांबू नये. जुने मिश्रण टूथपिकने आणि पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून काढावे. ॲसिटोनने ते मऊ पडते, पण खोट्या मोत्यांचा थर आणि प्लास्टिकही त्याने विरघळते, म्हणून खडे-मोती असलेल्या जोडाला ते लावू नये. मग दुसऱ्या बाजूचा जोडही ताण देऊन तपासावा, आणि तो जरासा हलला तरी दोन्ही दांड्या एकाच वेळी, एकाच मिश्रणाने नव्याने बसवाव्यात.